गॅलरी सीएमएसमधून बाहेर काढताना: आधी मजकूर, मग पत्ते, फोटो शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: छायाचित्रणाची आवड असलेल्या एका गटाची वेबसाइट बरीच वर्षे वर्डप्रेस या सीएमएसवर (वेबसाइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालते. गॅलरीची काही पाने नेक्स्टजेन या प्लगइनने (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरने) केलेली आहेत, काही वर्डप्रेसच्या स्वतःच्या गॅलरीतली. हजारो फोटो, आणि बहुतेकांना मराठीत शीर्षक व दोन-चार ओळी. दर मोठ्या अपडेटला गॅलरीचे काहीतरी मोडते, म्हणून ती सीएमएसपासून वेगळी काढून स्वतंत्र करायची आहे. फोटो, मजकूर आणि जुन्या लिंक शाबूत राहतील का, आणि सुरुवात कशाने करावी?

राहतील, पण सुरुवात फोटोंनी करू नका. साधारणपणे लोक एफटीपीने (सर्व्हरशी फायलींची ने-आण करायच्या सोयीने) अपलोड्सचे फोल्डर उतरवून घेतात आणि अर्धे काम झाले असे समजतात. त्या फोल्डरमध्ये गॅलरी नसते, तिचा कच्चा माल असतो. कोणता फोटो कोणत्या अल्बममध्ये आहे, कितव्या क्रमांकावर आहे, त्याखाली काय लिहिले आहे, कोणता मुद्दाम लपवला आहे आणि तो कोणत्या पत्त्यावर दिसतो, हे सगळे डेटाबेसमध्ये असते. फोटो केव्हाही पुन्हा उतरवता येतात. हे नाते एकदा तुटले की हाताने जोडत बसावे लागते. म्हणून मी आधी मजकूर काढते, मग पत्त्यांची यादी करते आणि फोटो सर्वांत शेवटी हलवते.

त्याआधी एक खातरजमा करा. गॅलरी वेगळी केल्यावर दोन सॉफ्टवेअर सांभाळावी लागतील, दोन लॉगिन असतील, दोन ठिकाणचे अपडेट पाहावे लागतील. फोटो दोनशे-तीनशेच असतील आणि तक्रार फक्त प्लगइनची असेल, तर प्लगइन काढून वर्डप्रेसच्या मूळ गॅलरी ब्लॉकवर येणे स्वस्त पडते. फोटो हजारांत असतील, अल्बममध्ये अल्बम असतील, टॅगने शोधायची सोय हवी असेल, तर मात्र बाहेर पडणेच बरे. तुमचे प्रकरण दुसऱ्या प्रकारात बसते.

आता मूळ फोटो नेमके कुठे आहेत ते पाहू, कारण इथेच पहिली गफलत होते. वर्डप्रेस एका मोठ्या फोटोच्या अनेक प्रती करते: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून त्यात आणखी एकीची भर पडली. फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर वर्डप्रेस त्याची लहान प्रत करून नावापुढे ‘स्केल्ड’ असे जोडते, आणि यापुढे हाच आपला फोटो असे मानून चालते. म्हणजे एका फोटोमागे मूळ धरून आठ फायली. पाच हजार फोटोंचे फोल्डर चाळीस हजार फायलींचे दिसते ते यामुळे.

यातून मूळ फायली वेगळ्या काढताना नावाच्या शेवटी लांबी-रुंदीचे आकडे असतील ती फाइल टाकून द्यायची, असा सोपा नियम लावू नका. कोणीतरी संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून त्याच धाटणीच्या नावाची फाइल चढवलेली असते आणि ती गुपचूप गळते. भरवशाची माहिती डेटाबेसच्या पोस्टमेटा टेबलमध्ये आहे. फाइलचा मार्ग एका नोंदीत असतो, पण फोटो ‘स्केल्ड’ झालेला असेल तर तो मार्गही लहान प्रतीचाच असतो. खऱ्या मूळ फाइलचे नाव शेजारच्या मेटाडेटाच्या नोंदीत ‘ओरिजिनल इमेज’ या खुणेखाली सापडते. वर्डप्रेसमध्ये मूळ फाइलचा मार्ग देणारे तयार फंक्शन आहे. डब्ल्यूपी-सीएलआयमधून (वर्डप्रेसला आज्ञा लिहून देण्याच्या साधनातून) ते प्रत्येक अटॅचमेंटवर, म्हणजे लायब्ररीतल्या प्रत्येक फाइलवर, चालवले की स्वच्छ यादी मिळते. मोबाइलवर उभे काढलेले फोटो वर्डप्रेस फिरवून घेते आणि नावाला ‘रोटेटेड’ जोडते. तिथेही मूळ फाइल तशीच बाजूला राहते, फक्त दिशेची नोंद तिच्या एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फाइलमध्येच लिहिलेल्या माहितीत) असते. नवीन गॅलरी ती नोंद वाचते की नाही, हे दोन-चार उभे फोटो टाकून आधीच पाहा.

नेक्स्टजेनचे खाते वेगळे. तो फोटो मीडिया लायब्ररीत ठेवतच नाही. त्याचे स्वतःचे गॅलरी फोल्डर असते आणि डेटाबेसमध्ये चित्रे, गॅलऱ्या व अल्बम यांसाठी तीन वेगळी टेबले. अपलोड करताना फोटो लहान करायची सेटिंग चालू असेल, तर मूळ फाइल ‘बॅकअप’ असे शेपूट जोडलेल्या नावाने शेजारीच पडलेली असू शकते. ती सापडली तर तीच घ्यायची. चित्रांच्या टेबलमध्ये ‘एक्स्क्लूड’ नावाचा एक रकाना आहे, त्याच्याकडे नीट लक्ष द्या. गॅलरीतून लपवलेले फोटो तिथे १ या आकड्याने नोंदलेले असतात. फाइल मात्र इतर फायलींच्या रांगेतच असते. नुसते फोल्डर उचलून नव्या ठिकाणी टाकले की कोणीतरी विनंती करून काढायला लावलेला फोटो पुन्हा जगासमोर येतो. तांत्रिक चूक लोक विसरतात, ही विसरत नाहीत.

(तुमची साइट ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसवर असती तर फायलींच्या टेबलमध्ये प्रत्येक फाइलचा पत्ता असतो आणि ‘स्टाइल्स’ फोल्डरमधले सगळे तयार झालेले असते, ते सोडून द्यायचे. बाकीचा विचार हाच.)

फोटो गोळा करताना आणखी एक गोष्ट तपासा: एखादे प्रतिमा लहान करणारे प्लगइन कधी चालू होते का? काही प्लगइन मूळ फाइलवरच हात चालवतात. आठ-दहा जुने फोटो उघडून त्यांचा आकार छायाचित्रकाराकडच्या प्रतींशी ताडून पाहा. मूळ फायली दाबल्या गेल्या असतील तर त्या सर्व्हरवर कुठेच नसतात. त्या माणसांकडूनच मागवाव्या लागतात, आणि हे शेवटच्या आठवड्यात कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

आता मजकुराकडे. वर्डप्रेसमध्ये एका फोटोला चार जागी मजकूर असतो: शीर्षक, कॅप्शन, वर्णन आणि पर्यायी मजकूर. पहिले तीन पोस्ट्स टेबलमध्ये, चौथा पोस्टमेटामध्ये. इथपर्यंत सोपे आहे. अडचण अशी की पानावर दिसणारी ओळ आणि लायब्ररीतली ओळ एकच असेल याची खात्री नाही. जुन्या गॅलरीत पानाच्या मजकुरात फक्त फोटोंच्या क्रमांकांची यादी असायची आणि कॅप्शन लायब्ररीतून यायचे. ब्लॉक एडिटरच्या गॅलरीत कॅप्शन पानाच्या मजकुरातच लिहिले जाते. जानेवारी २०२२ मधल्या ५.९ आवृत्तीपासून तर गॅलरी ब्लॉकच्या पोटात प्रत्येक फोटोचा स्वतंत्र ब्लॉक असतो. कोणी पानावर कॅप्शन दुरुस्त केले असेल तर लायब्ररीत जुनेच राहते. त्यामुळे लायब्ररीचा निर्यात केलेला तक्ता पुरेसा समजू नका. गॅलरीची पाने वाचून त्यातून फोटोचा क्रमांक, त्याचे स्थान आणि तिथले कॅप्शन वेगळे काढा, आणि दोन्ही रकाने शेजारी ठेवा. जिथे फरक असेल तिथे पानावरचे ग्राह्य धरावे असे माझे मत, कारण वाचकांनी तेच पाहिलेले असते.

अटॅचमेंटच्या नोंदीत ‘पेरेंट’ म्हणून जो क्रमांक असतो, त्यावरूनही अल्बम ठरवू नका. फोटो पहिल्यांदा कोणत्या पानातून चढवला, एवढेच तो सांगतो. नंतर तोच फोटो आणखी तीन गॅलऱ्यांत गेला असेल तर त्याची तिथे काहीच नोंद नसते.

या सगळ्यातून एक सीएसव्ही तक्ता (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) तयार होतो. एक ओळ म्हणजे एका अल्बममधला एक फोटो. रकाने साधारण असे: जुना क्रमांक, मूळ फाइलचा मार्ग, अल्बम, क्रम, शीर्षक, कॅप्शन, छायाचित्रकार, टॅग, जुना पत्ता, लपवलेला आहे का. पुढचे सगळे काम या तक्त्यावर चालते, त्यामुळे इथे वेळ गेला तरी चालेल. तो उघडायला लिब्रेऑफिस कॅल्क वापरा आणि उघडताना यूटीएफ-८ ही अक्षरे साठवायची पद्धत निवडा. एक्सेलमध्ये नुसता डबल-क्लिक केला की देवनागरीचा चुरा होण्याची शक्यता असते, आणि शून्याने सुरू होणाऱ्या नुसत्या अंकी नोंदींतले शून्य तर हमखास उडते.

देवनागरी डेटाबेसमधून बाहेर येतानाच बिघडलेली असेल तर लगेच ओळखू येते. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्यामागे चलनासारखे एक चिन्ह, अशी रांगच्या रांग दिसते. यूटीएफ-८ मधली आपली अक्षरे तीन-तीन बाइटची असतात आणि पहिला बाइट सगळ्यांचा तोच असतो. तो लॅटिन म्हणून वाचला गेला की हे दृश्य दिसते. अशा वेळी शोधा-आणि-बदला करून दुरुस्ती करायला जाऊ नका. जोडणीचा कॅरॅक्टर-सेट बरोबर देऊन निर्यात पुन्हा करा. जुन्या साइटवर टेबल लॅटिन म्हणून नोंदलेले आणि आत मजकूर यूटीएफ-८ असाही प्रकार सापडतो. तिथे लॅटिन म्हणूनच निर्यात करून फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचली की मजकूर जसाच्या तसा हाती येतो. नवीन डेटाबेस मात्र थेट यूटीएफ-८ एमबी-४ ठेवा. मायएसक्यूएलचे जुने ‘यूटीएफ-८’ तीन बाइटपर्यंतच जाते, त्यात मराठी बसते पण कॅप्शनमधली इमोजी बसत नाही.

यानंतर मी एक पायरी घेते जी पुष्कळ जण टाळतात: मजकूर फोटोच्या फाइलमध्येच लिहायचा. एक्झिफटूल हे फुकट साधन सीएसव्ही वाचून प्रत्येक फाइलमध्ये शीर्षक, कॅप्शन, टॅग भरते. चित्राच्या पिक्सेलना ते हात लावत नाही, त्यामुळे दर्जा घटत नाही. तक्त्यातल्या पहिल्या रकान्याचे नाव ‘सोर्सफाइल’ हवे आणि त्यात फाइलचा मार्ग. टॅग एकापेक्षा जास्त असतील तर ते कशाने वेगळे केले आहेत तेही सांगावे लागते, नाहीतर सगळे मिळून एकच लांबलचक टॅग होतो. हे करताना मूळ फायलींची एक अस्पर्श प्रत वेगळी ठेवा आणि तिचे चेकसम (फाइलच्या आशयावरून निघणारे ओळख-आकडे) काढून ठेवा, कारण आत मजकूर लिहिला की फाइलचा चेकसम बदलतो.

फाइलमध्ये मजकूर ठेवायच्या दोन मुख्य जागा आहेत, आयपीटीसी आणि एक्सएमपी. मराठीसाठी या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयपीटीसी जुने आहे आणि त्यात प्रत्येक रकान्याला लांबीची मर्यादा आहे. शीर्षकाला ६४ बाइट. रोमनमध्ये ही ६४ अक्षरे झाली, आपल्याकडे एकवीस. त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘पावसाळ्यातील पहाटेचा तलाव’ हे तीन शब्दांचे शीर्षक घ्या. पहिला शब्द बारा घटकांचा म्हणजे ३६ बाइट, दुसरा सात घटकांचा म्हणजे २१, तिसरा चार घटकांचा म्हणजे १२, आणि दोन मोकळ्या जागा. एकूण ७१. एक्झिफटूल इशारा देऊन ते कापते आणि तलावातला ‘त’ तेवढा उरतो. हजारो फायलींच्या धावत्या पडद्यावर तो इशारा कोण वाचणार? मर्यादा ओलांडून लिहायचा पर्याय आहे, पण मग दुसरे एखादे सॉफ्टवेअर ते नीट वाचेल याची हमी राहत नाही. शिवाय आयपीटीसीला मजकूर यूटीएफ-८ आहे हे वेगळे सांगावे लागते. ते विसरले तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे भरली जातात.

एक्सएमपी कायम यूटीएफ-८ असते आणि त्यात ही लांबीची कटकट नाही. म्हणून पक्की जागा एक्सएमपी. आयपीटीसीत कॅप्शन लिहायला हरकत नाही, तिथे २००० बाइट मिळतात आणि दोन-चार ओळी सहज बसतात. शीर्षकासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये.

एवढा खटाटोप कशाला, तक्ता आहेच की, असे वाटेल. पण गॅलरीचे सॉफ्टवेअरही कायमचे नसते. ‘गॅलरी’ याच नावाचा एक मुक्त प्रकल्प एके काळी या क्षेत्रातले मोठे नाव होते. ड्रुपल, जूमला, वर्डप्रेस या सगळ्यांत त्याची दुसरी आवृत्ती बसवता येत असे. २०१४ मध्ये त्याचा विकास थांबला आणि त्यावरच्या लोकांना स्थलांतर करावे लागले. ज्यांचा मजकूर फायलींत होता त्यांचे काम सोपे गेले. बाकीच्यांना परक्या टेबलांत शिरून तो खणून काढावा लागला.

फाइलनावांचेही एक कोडे आहे आणि ते मराठीत जास्त छळते. ‘किनाऱ्यावर’ या नावाची फाइल घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन घटक म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावे. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था नावे फोडून दुसऱ्या रूपात ठेवत असे, लिनक्स जसे मिळेल तसे ठेवते. मधला प्रवास जुन्या मॅकवरून झाला की तक्त्यात एक नाव, डिस्कवर दुसरे, आणि फाइल समोर दिसत असताना ‘सापडली नाही’ असे उत्तर. कन्व्हएमव्ही नावाचे साधन सगळी नावे एकाच रूपात आणून देते. पण एवीतेवी घर बदलतच आहात तर फाइलनावे साध्या रोमन अक्षर-अंकांत करून घ्या आणि मराठी नाव शीर्षकात ठेवा. मोठ्या-लहान लिपीतली एक्स्टेन्शन्सही एकसारखी करा. विंडोज किंवा मॅकवर एकमेकांवर चढणाऱ्या दोन फायली लिनक्सवर सुखाने शेजारी नांदत असतात, आणि त्यातली एक गेल्याचे कळतही नाही.

नवे घर कोणते? गटाला स्वतः अल्बम करायचे असतील, टॅग आणि परवानग्या हव्या असतील तर मी पिविगो हे गॅलरीचे सॉफ्टवेअर सुचवेन. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालते, म्हणजे वर्डप्रेस चालणाऱ्या बहुतेक होस्टिंगवर चालते. २००२ मध्ये ते पीएचपीवेबगॅलरी या नावाने सुरू झाले, २००९ मध्ये नाव बदलले आणि आजही त्यावर काम सुरू आहे. दिसायला नेटके हवे आणि अल्बमची रचना साधी असेल तर लायची हे दुसरे सॉफ्टवेअर पाहा. गॅलरीत यापुढे क्वचितच भर पडणार असेल, तर सिगल किंवा थम्सअप यांसारख्या साधनाने स्थिर पाने तयार करून टाकणे सर्वांत निर्धास्त. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, अपडेटची टांगती तलवार नाही. मात्र दर वेळी नवीन फोटो टाकायला आज्ञावली चालवणारा कोणीतरी हाताशी लागतो. तुमच्या गटात तो एकच माणूस असेल तर त्याच्या सुट्टीचाही विचार करा.

पिविगोत फोटो घालायचे दोन रस्ते. एक, ‘गॅलरीज’ फोल्डरमध्ये एफटीपीने टाकून सिंक्रोनाइझ करणे. फोल्डर म्हणजे अल्बम, त्यामुळे झटपट होते. पण फाइल आणि फोल्डरच्या नावांत रोमन अक्षरे, अंक, डॅश, अंडरस्कोअर आणि टिंब याखेरीज काही चालत नाही, आणि फोल्डरवरून तयार झालेला अल्बम नंतर मनासारखा हलवता येत नाही. दुसरा रस्ता एपीआयचा, म्हणजे स्क्रिप्टमधून थेट पिविगोला विनंती पाठवायचा. एका विनंतीत फोटो, अल्बम, शीर्षक, वर्णन, टॅग सगळे पाठवता येते आणि उत्तरात नवा क्रमांक मिळतो. तो क्रमांक लगेच तक्त्यातल्या नव्या रकान्यात लिहून ठेवायचा. जुना आणि नवा क्रमांक शेजारी आले की पुढे पत्ते वळवणे म्हणजे निव्वळ कारकुनी उरते. या एका कारणासाठी मी दुसरा रस्ता घेते, वेळ थोडा जास्त लागला तरी. शीर्षकाची ६४ बाइटची भानगडही त्यात टळते.

अल्बममधला क्रम हाताने लावलेला होता की तारखेने, हे आधी ठरवा. तारखेने असेल तर ती कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख हवी, फाइलची नव्हे. एफटीपीने चढवलेल्या फायलींवर बहुधा चढवल्याची तारीख पडते. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना एक्झिफमध्ये तारीख नसते किंवा स्कॅन केल्याची असते, त्यांची तारीख तक्त्यातूनच भरावी लागते.

आता एक सावधगिरी, जी तांत्रिक कमी आणि माणसांविषयी जास्त आहे. सीएमएसवर वाचक जो फोटो पाहत होते ती लहान केलेली प्रत होती, आणि लहान करताना आतली माहिती गळून गेलेली असू शकते. नव्या गॅलरीत तुम्ही मूळ फाइल डाउनलोडला देता, आणि तिच्यात फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात. कोणाच्या घरातला समारंभ, एखाद्या दुर्मीळ पक्ष्याचे घरटे. जाहीर प्रतीतून जीपीएसची माहिती एक्झिफटूलने काढून टाका, अस्पर्श प्रतीत राहू द्या. खासगी अल्बमबाबतही हेच भान ठेवा. पिविगोत अल्बम खासगी केला तरी मूळ फाइलचा नेमका पत्ता ज्याला माहीत आहे त्याला ती उघडता येऊ शकते. त्यासाठी मूळ पत्त्यांच्या संरक्षणाची एक सेटिंग कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वेगळी लावावी लागते, आणि वेब सर्व्हरवर अपलोडच्या फोल्डरला थेट प्रवेश बंद करावा लागतो.

सदस्यांची खाती आणि पासवर्ड हलवायच्या फंदात पडू नका. नावे आणि ईमेल न्या, पासवर्ड नवा घ्यायला सांगा. फोटोंखालच्या प्रतिक्रिया हलवता येतात, कारण पिविगोत त्यांच्यासाठी टेबल आहे आणि जुना-नवा क्रमांक तुमच्याकडे आहेच. पण त्या मोजक्या असतील तर जुने पान स्थिर करून जपणे सोपे.

पत्त्यांचे काम इतके सहज आटपत नाही. जुन्या प्रत्येक पत्त्याला नव्या नेमक्या पत्त्याकडे ३०१ या कायमच्या वळणाने पाठवायचे. सगळ्यांना गॅलरीच्या मुखपृष्ठावर ढकलणे म्हणजे वळण न देण्यासारखेच. एखाद्या फोटोसाठी आलेला माणूस हजारो फोटोंच्या दारात उभा राहतो आणि परत जातो. जो फोटो मुद्दाम काढून टाकला आहे, त्याला ४१० (‘कायमचे काढले’) हे उत्तर द्या.

जुने पत्ते शीर्षकावरून अंदाजाने बनवू नका. वर्डप्रेस मराठी शीर्षकाचा पत्ता टक्केचिन्हांच्या रूपात साठवते. एका घटकाचे तीन बाइट आणि एका बाइटला तीन चिन्हे, म्हणजे ‘क’ एवढ्याला नऊ जागा लागतात. रकाना २०० चिन्हांचा आहे. त्यात जेमतेम बावीस घटक मावतात आणि लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो. शीर्षकावरून तुम्ही पूर्ण पत्ता बनवाल आणि तो कधी अस्तित्वातच नसेल. पत्ते डेटाबेसमधून किंवा साइटमॅपमधून (साइटच्या पत्त्यांच्या यादीतून) घ्या.

तुलना करताना उलगडलेल्या रूपात (टक्केचिन्हांऐवजी मूळ अक्षरांत) करा. वर्डप्रेस टक्केचिन्हांनंतरची अक्षरे लहान लिपीत लिहिते, ब्राउझर स्वतः बनवतो तेव्हा मोठ्या लिपीत. कच्च्या पत्त्यावर नियम लावला तर निम्म्या विनंत्या निसटतील. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये मॅप (जुन्या-नव्या पत्त्यांची जोडयादी) वापरून ‘यूआरआय’ हे चल घ्या, ‘रिक्वेस्ट यूआरआय’ नको, कारण पहिले उलगडलेले असते आणि दुसरे कच्चे. मराठी पत्ते लांब असल्याने मॅपच्या हॅश-बकेटचा आकार वाढवा असा निरोप सर्व्हर सुरू होताना बहुधा येईल, त्याने घाबरू नका, आकडा वाढवा. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर रीराइटमॅप हे काम करते, पण ते मुख्य कॉन्फिगरेशनमध्येच घालता येते, फोल्डरमधल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये नाही. सामायिक होस्टिंगवर तो हक्क नसतो. तिथे वर्डप्रेस चालू राहणारच असेल तर वळणे त्याच्याकडूनच द्यावीत, छोट्या प्लगइनने. आणि अटॅचमेंटच्या क्रमांकाचे प्रश्नचिन्ह असलेले जुने पत्ते असतील, तर अपाचेचा साधा रीडायरेक्ट नियम प्रश्नचिन्हापुढचे पाहतच नाही, त्यासाठी क्वेरी स्ट्रिंगची वेगळी अट लावावी लागते.

वर्डप्रेसची एक खोड इथे नडते. पान सापडले नाही की ते मिळत्याजुळत्या पत्त्याचे दुसरे पान शोधून परस्पर तिकडे पाठवते. गॅलरीची पाने काढली की जुनी लिंक ४०४ (‘सापडले नाही’) न देता भलत्याच लेखावर जाते, आणि नोंदींत सगळे आलबेल दिसते. ५.५ आवृत्तीपासून हा अंदाज बंद करायचा फिल्टर उपलब्ध आहे. स्थलांतराच्या काळात तो लावा, म्हणजे खरे ४०४ दिसतील.

वळणे किमान वर्षभर ठेवावीत अशी गूगलची शिफारस आहे. मी तर ती काढतच नाही, मॅपच्या फाइलला खायला लागत नाही.

प्रत्यक्ष अदलाबदलीच्या दिवसासाठी: तक्ता अंतिम झाल्यापासून जुन्या गॅलरीत भर घालणे बंद करा. नवी गॅलरी उपडोमेनवर उभी करा, सर्च इंजिनांना तोवर मज्जाव ठेवा. पिविगो लहान प्रती मागणी येईल तशा बनवते आणि एका फोटोमागे अनेक आकार असतात. उद्घाटनालाच सगळे एकदम आले तर सर्व्हर धापा टाकेल, म्हणून मुख्य आकार आधीच तयार करून घ्या. मग तक्त्यातले सगळे जुने पत्ते एका छोट्या स्क्रिप्टने मागवून पाहा: प्रत्येकाला एकच ३०१ आणि लगेच २०० (‘पान मिळाले’) मिळाले पाहिजे. दोन-तीन उड्या दिसल्या तर नियम एकमेकांत अडकले आहेत. पुढचे काही आठवडे सर्व्हरच्या नोंदींतले ४०४ पाहत राहा.

वर्डप्रेसचे अपलोड्स फोल्डर मात्र रिकामे करू नका. तेच फोटो लेखांत, मुख्य चित्र म्हणून, कधी बाहेरच्या साइटवरही थेट वापरलेले असतात. नेक्स्टजेनमध्ये गॅलरी पुसताना चित्रफायलीही पुसायची एक सेटिंग आहे. ती आधी बंद करा, मग प्लगइन नुसते निष्क्रिय करून ठेवा. त्याची टेबले आणि पूर्ण डेटाबेसची एसक्यूएल प्रत अस्पर्श फोटोंसोबत सर्व्हरच्या बाहेर ठेवली, आणि ती प्रत दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून मराठी मजकूर नीट दिसतो हे पाहिले, की मगच प्लगइन काढायला हरकत नाही.